आतल्या दुमडीतली तारीख

टाकेमावशी माणसाचा चेहरा नंतर बघते, आधी त्याच्या पँटच्या खालच्या कडा बघते. सुईत दोरा ओवताना ती श्वास रोखते आणि ओवून झाला की "हां" म्हणते, जणू कुणी तिला काही विचारलं होतं. खुर्चीच्या अगदी टोकावर बसते. कुणी "नीट बसा ना" म्हटलं तर म्हणते, "नीटच बसलेय, बाकीची खुर्ची तुमच्यासाठी." वाचल्याशिवाय ती कशावरही सही करत नाही. मुलाच्या शाळेची सहल एकदा तिच्यामुळे वीस मिनिटं उशिरा निघाली होती. संमतिपत्राला मागची बाजूही होती.

आणि पँटची दुमड घालताना, आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, ती बारीक टाक्यांनी त्या दिवसाची तारीख घालते. दिवस, महिना, वर्ष. डाव्या पायात. नेहमी डाव्याच.

त्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक उसवलेली पँट नाचवत आलं होतं. "काल शिवली, आज उसवली!" पँट तीन वर्षं जुनी होती. मावशीला ते ठाऊक होतं, पण दाखवणार काय? त्या दिवसापासून तारीख सुरू झाली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे? निघताना आपण कडी ओढून बघतो, ते कुणाला सांगत फिरतो का?

चार मजली कपड्यांच्या दुकानात, तिसऱ्या मजल्यावर, ट्रायल रूमच्या मागे अल्टरची खोली होती. तीन मशीनं, तीन बायका, एक खिडकी. खिडकीजवळचं मशीन मावशीचं. एकोणीस वर्षं. त्या मशीनच्या पायट्यावर तिच्या टाचेचा गुळगुळीत खड्डा पडला होता.

एका महिन्याच्या दोन तारखेला मॅनेजर सात पानी कागद घेऊन खोलीत आला. त्याच्या अंगावरच्या कपड्यांना कधी सुरकुती पडत नसे आणि कपाळालाही नाही, म्हणून बायका त्याला मागून इस्त्रीसाहेब म्हणत.

"शेवटच्या पानावर सही करा. नुसती पद्धत आहे."

"वाचून करते," मावशी म्हणाली.

"अहो, सात पानं आहेत."

"म्हणून तर. एका पानाचं असतं तर उभ्या उभ्या वाचलं असतं."

घरी जाऊन तिनं वाचलं. पुढच्या महिन्यापासून त्या तिघी दुकानाच्या नोकर नाहीत, बाहेरून काम घेणाऱ्या कंत्राटदार आहेत, असं सरळ अर्थाचं ते वाकडं लिखाण होतं. दुसऱ्या दिवशी, तीन तारखेला, तिनं सही न करताच ते कागद परत नेऊन दिले. इस्त्रीसाहेब हसला. त्याच दिवसापासून तिचं हजेरीचं कार्ड मशीनमध्ये लागेना. "मशीन बिघडलंय, हातानं लिहून ठेवतो," असं तिला सांगितलं गेलं. बाकी सगळ्यांची कार्डं लागत होती. बारा तारखेला पहारेकऱ्यानं तिला दारात थांबवलं. तो बिचारा तिच्याकडे न बघता बोलला. मग पत्र आलं: आपण तीन तारखेपासून न कळवता गैरहजर आहात, सबब आपण स्वतःहून नोकरी सोडली असे समजण्यात येत आहे.

"सोडली?" मावशी म्हणाली. "मी तर डब्याची पिशवीसुद्धा तिथेच सोडून आलेय!"

मावशीचा नवरा निवृत्त पोस्टमन. त्यानं पत्र बाजूला ठेवलं आणि लिफाफा उजेडात धरला. "आत तारीख पाचची. शिक्का तेराचा. लिफाफा फेकायचा नाही. माणसं खोटं बोलतात, शिक्का बोलत नाही."

शेजारच्या खोलीत साहित्याची पदवी घेतलेली एक मुलगी राहत होती. तिनं रात्रभर बसून अर्ज लिहून दिला. मोफत कायदा सल्ला केंद्रातल्या वकीलबाईंनी तो वाचला. केंद्र म्हणजे वाचनालयाच्या मागची एक खोली, दोन खुर्च्या आणि फायलींचा डोंगर.

"'अन्यायाच्या काळोख्या वादळात एक सुई एकाकी लकाकत होती,'" वकीलबाईंनी मोठ्यानं वाचलं. "हे वादळ कोणत्या तारखेला आलं?"

मुलगी लाल झाली. "ते... तसं वादळ नाही."

"मग काढा. तारखा लिहा. आणि 'लकाकत' पण काढा." वकीलबाई मावशीकडे वळल्या. "ऐका, मावशी. सगळा खेळ एका गोष्टीवर आहे. तुम्ही सोडलंत की तुम्हाला काढलं? सोडलं असेल तर विषय संपला. काढलं असेल, तर कारण न देता, चौकशी न करता काढता येत नाही. तुम्हाला परत घ्यावं लागेल. तीन ते बारा या दिवसांत तुम्ही कामावर होतात, एवढं दाखवायचंय."

"होते ना."

"दाखवायचंय, मावशी. साक्षीला कोण येईल?"

मावशीनं विचार केला. खोलीतल्या दोघींपैकी एकीचा नवरा तोच पहारेकरी. दुसरी मुळात आवाज चढला की शिंकायला लागायची. "त्यांना नको," ती म्हणाली. "त्यांची बोटं अजून मशीनखाली आहेत."

तिला दुमडीतल्या तारखा आठवल्याच नाहीत. वकीलबाई पुरावा मागत होत्या, आणि पुरावा म्हणजे कागद. टाक्यांचं कोण बोलतंय?

कामगार कार्यालयात सुनावणी लागली. लांब टेबल, जाळीची खिडकी, डुगडुगणारा पंखा. टेबलाच्या टोकाला अधिकारीबाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एका बाजूला इस्त्रीसाहेब. दुसरीकडे वकीलबाई आणि खुर्चीच्या टोकावर मावशी. मागच्या बाकावर पोस्टमनकाका आणि ती मुलगी.

वकीलबाईंनी लिफाफा पुढे केला. पाच तारखेचं पत्र तेराला टपालात कसं?

"टपाल उशिरा गेलं असेल," इस्त्रीसाहेब म्हणाला.

"टपाल उशिरा जात नसतं," मागून आवाज आला. "टपाल उशिरा टाकतात!"

"कोण आहेत ते?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"माझे हे," मावशी म्हणाली. "नोकरी सुटलीय, पण टपाल सुटत नाही."

"गप्प बसायला सांगा."

"छत्तीस वर्षं सांगतेय, बाई."

अधिकारीबाईंचा चष्मा किंचित हलला. पण लिफाफ्यानं काही ठरेना. पत्र तेराला टाकलं असलं, तरी मावशी मधल्या दिवसांत कामावर होती हे त्यानं कळत नव्हतं. हजेरीच्या यादीत तिच्या नावापुढे रिकाम्या चौकटी होत्या. इस्त्रीसाहेबानं ती यादी टेबलावर ठेवली, मागे रेलला आणि पायावर पाय टाकला.

मावशीची नजर खाली गेली. सवयच ती.

करडी पँट. हातानं घातलेली दुमड. टाका इतका बारीक की कापडाला कळू नये. ती बघत राहिली. मग तिनं श्वास रोखला.

"हां," मावशी म्हणाली.

"काय झालं?" वकीलबाई कुजबुजल्या.

"साहेब, ही मेव्हणीच्या लग्नाची पँट ना?"

इस्त्रीसाहेब दचकला. "हो... म्हणजे, त्याचा इथे काय संबंध?"

"दुमड कुणी घातली?"

"दुकानातल्याच कुणीतरी."

"बाकीच्या दोघी मशीननं घालतात. तुम्हीच म्हणाला होतात, मावशी, मशीनची टीप दिसते, मला हाताची हवी." मावशी अधिकारीबाईंकडे वळली. "बाई, डाव्या पायात तारीख आहे. आतून. मी घालते."

पंखा डुगडुगत होता. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"तारीख घालता?" त्या म्हणाल्या. "कधीपासून?"

"बारा-तेरा वर्षं झाली असतील."

"आणि मला हे आत्ता सांगताय?"

"तुम्ही कागद मागत होतात!"

अधिकारीबाईंनी चष्मा वर सरकवला. "दाखवायला हरकत आहे का तुमची?"

इस्त्रीसाहेबानं वकीलबाईंकडे बघितलं, मग यादीकडे, मग स्वतःच्या पायाकडे. हरकत आहे म्हणावं तर पँटीत काहीतरी आहे हे कबूल केल्यासारखं. त्यानं पाय उचलून खुर्चीवर ठेवला. मावशीनं पिशवीतून छोटी कात्री काढली, आपली खुर्ची पुढे ओढली आणि तिच्यात मागे टेकून, अगदी ऐसपैस बसली. एकेक टाका कापला. दुमड उलगडली. करड्या कापडावर करड्याच दोऱ्यानं मुंगीएवढे आकडे.

अधिकारीबाई उठून आल्या आणि वाकल्या.

"नऊ तारीख," त्यांनी वाचलं. "महिना हाच. वर्षही हेच."

"उद्या लग्न आहे म्हणून साहेबांनी घाई केली होती," मावशी म्हणाली. "डबा अर्धा ठेवून घातली मी."

"कधी दिलीत ही त्यांना?" अधिकारीबाईंनी इस्त्रीसाहेबाला विचारलं.

"नऊला, पण..." इस्त्रीसाहेब म्हणाला. मग थांबला. त्याच्या कपाळावर त्या दिवशी पहिल्यांदा सुरकुती पडली.

"हात दाखवून अवलक्षण ऐकलं होतं," मागून पोस्टमनकाका म्हणाले. "पाय दाखवून आज बघितलं."

या वेळी त्यांना कुणी गप्प केलं नाही. अधिकारीबाई तोंडावर फाईल धरून खोकल्या. ती मुलगी तोंडाचा आ करून बसली होती. एवढा मोठा अर्ज तिनं लिहिला होता, आणि बाजी मारली आठ आकड्यांनी.

इस्त्रीसाहेब मालकांना फोन करायला बाहेर गेला. चालताना डावा पाय लोंबत होता, टाचेखाली येत होता. दोनदा अडखळला. परत आला तेव्हा तो समेटाला तयार होता. वकीलबाईंनी एकेक ओळ सांगितली आणि अधिकारीबाईंनी लिहून घेतली. मावशी कामावरच होती असं धरायचं. मधला पगार द्यायचा. नोकरी जुनीच, एकोणीस वर्षांची. तेच मशीन.

"खिडकीजवळचं," मावशी म्हणाली. "तसं लिहा. नाहीतर मशीन तेच देतील आणि जिन्याखाली ठेवतील."

लिहिलं गेलं. मग मावशीनं समेटाचे दोन्ही कागद वाचले, मागची बाजूही बघितली. ती कोरी होती. तेव्हा सही केली.

उठताना इस्त्रीसाहेबानं पाय किंचित पुढे केला. "मावशी, हे तेवढं... तुमच्याजवळ सुई आहेच ना. असं रस्त्यानं कसं जाऊ?"

सुई होती. पदरात खोचलेली, दोऱ्यासकट.

"इथे कसं, साहेब? हजेरी लागल्याशिवाय काम केलं, तर परत कोण मानणार?" तिनं पिशवीतून दोन टाचण्या काढून त्याच्या हातात दिल्या. "या लावा. सोमवारी बघू."

सोमवारी कार्ड पहिल्या झटक्यात लागलं. मशीननं टिंग केलं. पहारेकऱ्यानं दार दोन्ही बाजूंनी उघडलं, जसं मोठ्या गिऱ्हाइकासाठी उघडतो तसं. मशीनवर कुणीतरी स्वच्छ कापड घालून ठेवलं होतं आणि तिची डब्याची पिशवी खुंटीला होती. शिंकणारीनं तिला मिठी मारली आणि लगेच चार शिंका दिल्या.

दुपारी डबे झाल्यावर त्या दोघींनी आपापले सात पानी कागद काढले. "मावशी, आम्हालाही वाचायचंय." तेव्हापासून रोज जेवणानंतर एक पान मोठ्यानं वाचलं जातं. अडलं की वकीलबाईंसाठी चिठ्ठी लिहितात. बूट विभागातली माणसंही दाराशी उभी राहून ऐकतात. त्यांच्याही हातात कागद आलेत म्हणे.

इस्त्रीसाहेब त्याच सोमवारी पँट घेऊन आला होता. रोज जाता जाता आत डोकावतो.

"मावशी, माझी ती..."

"रांगेत आहे, साहेब."

पँट खिडकीशेजारच्या खुंटीवर टांगलेली आहे. उजवा पाय जसाच्या तसा. डाव्याला दोन टाचण्या. मावशीनं करडा दोरा ओवून सुई पँटच्याच कमरपट्टीत खोचून ठेवली आहे. दुमड घालायची आहे. आतली नऊ तारीख उसवून त्या जागी नवी घालायची की जुनीच राहू द्यायची, ते तिनं अजून ठरवलेलं नाही.