शनिवारभर लपवलेली गोष्ट

शुक्रवारी संध्याकाळी मी लॅबमधून निघत होते, तेवढ्यात सोलापूरहून फोन आला. जर्मनीत हॅनोव्हरला माझ्याबरोबर पीएचडी करणाऱ्या मित्राच्या ताईचा. एरवी तिचा दिवाळीला एखादा मेसेज यायचा, तेवढाच.

"तो जवळ नाही ना?" तिनं आधी विचारलं.

त्याच्या आईच्या हृदयाची झडप बदलायचं ऑपरेशन दोन आठवड्यांनी ठरलं होतं. त्यासाठी त्यानं विमानाचं तिकीटही काढून ठेवलं होतं. पण गुरुवारी रात्री काकूंना इतका दम लागला, की डॉक्टर थांबायला तयार नव्हते. ऑपरेशन उद्याच होणार होतं. आणि सोमवारी ह्याची पीएचडीची तोंडी परीक्षा.

"आईनंच बजावलंय, त्याला कळू द्यायचं नाही. कळलं तर सगळं टाकून निघेल तो. तू उद्या त्याला खोलीत एकटा ठेवू नकोस गं. नीट पार पडलं, की मी स्वतः सांगेन."

मी हो म्हणून बसले.

माझ्या ऑफिसात एक जपानी मैत्रीण होती. ड्युसेलडॉर्फमध्ये जपानी लोकांची एक अख्खी वस्ती आहे, ती तुम्हाला दाखवायची आहे, असं ती कधीपासून म्हणत होती. मी दोघांना एकदमच विचारलं. "चल, माझंही डोकं बधिर झालंय," मित्र म्हणाला. शनिवारी पहाटे सहाच्या ट्रेननं आम्ही तिघं निघालो.

आठच्या सुमाराला माझा फोन थरथरला. ताईचा मेसेज होता, "आत नेलं. पाच तास लागतील." मी फोन मांडीवर पालथा ठेवला. समोर तो स्लाइड्सवरून बोट फिरवत स्वतःशीच पुटपुटत होता. थोड्या वेळानं त्यानं नेहमीसारखा आईला फोन लावला. तिनं उचलला नाही, म्हणून ताईला लावला. ताईचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता. आई मावशीकडे गेलीय, फोन घरीच विसरलीय, तिथे लग्नाची गडबड आहे, उद्या बोल.

"परवाच तर म्हणत होती, चार पायऱ्या चढवत नाहीत. आणि लग्नाला गेली?" तो मला म्हणाला.

"बरं वाटत असेल," मी म्हटलं. माझे कान तापले होते.

ड्युसेलडॉर्फला स्टेशनजवळच्या त्या रस्त्यावर पाट्या जपानी, बेकऱ्या जपानी, रांगेत उभी माणसंही निम्मी जपानी. मैत्रीण लहान मुलीसारखी पुढे धावत होती. लाल बीनच्या सारणाचा पाव तिनं आम्हाला खायला लावला. मित्राला तो पुरणासारखा लागला. मला कशाचीच चव लागत नव्हती.

पुस्तकांच्या दुकानात तो कॉमिक्समध्ये रमला, तेव्हा मैत्रिणीनं मला कोपऱ्यात गाठलं. "तू सारखी फोन का बघतेस?" माझ्यानं राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "हे मला सांगायला नको होतंस. आता मलाही त्याच्याशी खोटं वागावं लागेल."

आणि तिला ते अजिबात जमेना. रामेनच्या, म्हणजे जपानी नूडल्सच्या दुकानात ती त्याच्या वाडग्यात स्वतःचं अंडं घालू लागली, त्याचा ग्लास सारखा भरू लागली. तो हसून म्हणाला, "हिला काय झालंय? परीक्षेत मी नापास होणार असं वाटतंय का हिला?"

एक वाजून गेला. दीड झाला. मेसेज नाही. मी खालच्या टॉयलेटमध्ये जाऊन ताईला तीनदा फोन केला. रिंग वाजत राहिली. आरशात स्वतःचा चेहरा बघितला आणि पाणी मारून बाहेर आले. आता सांगावं, असं जिन्यावर ठरवलं. टेबलापाशी पोचले, तर तो विचारत होता, "आईसाठी चहाचे कप बघूया का?" मी "बघूया" म्हटलं आणि बिल मागवलं.

तीननंतर आम्ही नदीपलीकडच्या जपानी देवळात गेलो. बागेत चिटपाखरू नव्हतं. "हे आईला आत्ताच दाखवतो," म्हणत त्यानं फोन काढला. "मावशीच्या फोनवर लावतो."

"उद्या लाव ना," मी घाईनं म्हटलं. तोवर मावशीनं फोन उचललाही होता. तिला बहुतेक कुणी काही सांगूनच ठेवलं नव्हतं. "अरे बाळा, अजून बाहेर आणलं नाही रे तिला," एवढं म्हणून ती रडायला लागली.

त्यानं चार-पाच प्रश्न विचारले, अगदी हळू आवाजात. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून."

तो लांबच्या बाकावर जाऊन बसला. मी त्याच्याकडे निघाले, तर मैत्रिणीनं माझा हात धरला. तीच गेली, आणि त्याच्या शेजारी बसून राहिली. मी तळ्याकाठी उभी. काकूंना काही झालं, तर हा माणूस मला आयुष्यभर माफ करणार नाही, आणि त्यानं करूही नये, एवढंच डोक्यात घोळत होतं.

चाळीस मिनिटांनी ताईचा फोन आला. रक्तस्राव थांबत नव्हता म्हणून छाती पुन्हा उघडावी लागली होती. आता काकू आयसीयूत होत्या. पुढचं उद्या कळेल.

परतीच्या ट्रेनमध्ये तो दुसऱ्या डब्यात बसला.

रविवारी दुपारी काकू शुद्धीवर आल्या. त्यांनी ताईला विचारलं, "त्याला कळलं का?" सोमवारी त्यानं परीक्षा दिली. मी शेवटच्या रांगेत होते. पास झाल्यावर सगळ्यांशी हात मिळवत तो माझ्यापर्यंत आला आणि थांबला. "मी गेलो असतो की थांबलो असतो, माहीत नाही," तो म्हणाला. "पण ते मी ठरवायचं होतं." मी मान हलवली.

त्या आठवड्यातच तो सोलापूरला गेला. तिथून एका दुपारी काकूंचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा पार उतरलेला, पण केस नीट विंचरलेले.

"माझ्यापायी तुम्ही दोघं भांडलात म्हणे?"

"नाही हो काकू," मी म्हटलं.

"नाही कसं? भांडलोच आहोत," फोनमागून त्याचा आवाज आला. काकूंना हसू फुटलं, आणि टाके दुखले तशा छातीवर हात धरून त्या थांबल्या.