ती आत आली होती, बसली होती

फसवलं मी. फसली ती विमा कंपनीच्या जालन्याच्या ऑफिसात नोकरी करणारी अश्विनी. कंपनीनं आमच्या वर्कशॉपमधल्या लक्ष्मणला फसवलं असं एमआयडीसीत जो तो सांगतो — ते मीच सांगत फिरलोय.

हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही. बायकोपुढे नाही, लक्ष्मणपुढे तर नाहीच. तुम्हा वाचणाऱ्यांपुढे का बोलतोय? कदाचित तुम्ही माझ्याशी सौदा करणार नाही म्हणून. सौदा आला की मी खोटं बोलतो — सवयच आहे.

मी मूळचा कुंभार पिंपळगावचा. लहानपणी आठवडी बाजारात वडिलांबरोबर मिरच्या विकायला बसायचो. माझी शाळा तीच. समोरचा ज्या ढिगावर हात ठेवून जास्त बोलतो, त्यात त्याचा फायदा असतो. आपण शेजारचा ढीग उचलायचा. एवढ्या एका धड्यावर मी लेथवरचा हेल्पर असताना स्वतःचा वर्कशॉप उभा केला. लोखंडी सळया लाटणाऱ्या रोलिंग मिलचे रोल झिजले की आमच्याकडे येतात, आम्ही त्यांच्या खाचा पुन्हा कापून देतो. आज मिलवाले माझ्या दारात थांबतात. हे सांगताना मला अजून मजा येते, ते लपवत नाही.

ज्यांचा पगार कमी त्यांना ईएसआयचा सरकारी दवाखाना मिळतो. पण चांगला टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा, त्या पगारात टिकत नाही. त्यांच्यासाठी मी गट विमा घेतला होता — बायका-पोरांसकट. दरवर्षी नूतनीकरणाला कंपनी हप्ता वाढवायची आणि दरवर्षी मी ऑफिसात जाऊन टेबल वाजवायचो. थोडा उतरवायचो, पण चढायचा त्याहून जास्त. तो राग माझ्या पोटात होता.

मग सरकारनं वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढून टाकला. बातमी वाचली आणि पेपर भिरकावला. एकट्यानं विमा घेतला तर कर माफ, आणि मी सगळ्यांना बरोबर घेऊन घेतला तर कर जशाचा तसा? माणसं जमवली हा गुन्हा झाला का? अजूनही मला ते पटलेलं नाही. पण रागातही माझं डोकं हिशेब सोडत नाही. म्हटलं, गट विमाच बंद.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सगळ्या टर्नरना बोलावलं. म्हणालो, “सरकारनं कर काढला. आता ज्याची पॉलिसी त्याच्या नावावर. उद्या माझ्याकडची नोकरी सोडली तरी पॉलिसी तुमचीच. पहिल्या वर्षाचा हप्ता माझ्याकडून.”

लोक खूश. लक्ष्मण बदनापूरहून रोज मोटारसायकलनं येतो, माझ्याकडचा सगळ्यात जुना माणूस. तो म्हणाला, “शेठ, दिवाळी आधीच आली म्हणा की!” मी हसलो. बोललो त्यातलं काही खोटं नव्हतं. जे पुढं बोललो नाही — तिथंच सगळं होतं.

कारण त्यानंतर, सह्यांच्या आधी, अश्विनी आली होती.

केबिनमध्ये आली, खुर्चीत बसली. अंबडकडची पोरगी, बोलायला नीट, फाईल मांडीवर धरून. म्हणाली, “शेठ, घाई करू नका. गट विमा बंदच करायचाय तर सगळ्यांच्या पॉलिसी त्यातूनच पुढं नेऊ. मंग आधीची वर्षं धरली जातात. एकदम नवीन काढल्या तर जुन्या आजाराला तीन वर्षं थांबावं लागल. लक्ष्मणभाऊंच्या बायकोला हृदयाच्या झडपेचा त्रास आहे ना?”

“हप्ता?”

“काहींचा थोडा जास्त बसल.”

“आलं ध्यानात! मॅडम, एवढं फिरवून कशाला सांगून राह्यल्या? टार्गेट किती बाकी आहे ते बोला.”

ती रागावली नाही. हसली उलट. “टार्गेट तर नवीन पॉलिसीत मोजतात शेठ. हे केलं तर मला काहीच भेटत न्हाई.”

आता ऐका. बाजारात वाढलेल्या माणसाला समोरचा कधी खरं बोलतो ते कळतं. मला कळलं. त्याच क्षणी कळलं. ती स्वतःचा तोटा हातात घेऊन माझ्यापुढे बसली होती — असं कुणी माझ्यापुढे कधी बसलं नव्हतं. पण माझा शब्द तोंडातून गेला होता. आणि पहिला हप्ता माझ्या खिशातून जाणार होता. थोडा जास्त म्हणजे माझाच जास्त, नाही का?

चहा मागवला. ती म्हणाली, “माझा बिनसाखरेचा.” मी म्हणालो, “आमच्याकडं फिक्का चहा देत न्हाईत, पाहुणा रुसतो.” सौद्याच्या आधी मी सगळ्यांना गोड चहा पाजतो. तिनं तो गोडमिट्ट चहा निमूट संपवला आणि उठताना पुन्हा म्हणाली, “मी स्वतः लक्ष्मणभाऊंशी बोलू का? दोन मिनिटं.”

“मशीन चालू आहेत. माझी माणसं माझं ऐकतात. तुम्ही फक्त सह्या घ्या.”

मी लक्ष्मणला विचारलं नाही. सह्या माझ्या डोळ्यांसमोर झाल्या, तिला बोलायला जागा ठेवली नाही. पॉलिसी सगळ्या नवीन निघाल्या.

थंडीत लक्ष्मणच्या बायकोचा, मंदाचा, श्वास अडकायला लागला. संभाजीनगरला नेली. झडप बदलायची, ऑपरेशन लगेच. कंपनीकडून उत्तर आलं — आजार जुना, पॉलिसी नवी, खर्च मिळणार नाही. लक्ष्मणचा फोन आला. “शेठ, न्हाई म्हणून राह्यलेत हो. बिलकुल न्हाई म्हणतेत.” त्याच्या आवाजात माझ्यावर तसूभरही संशय नव्हता. तोच आवाज मला चावला.

गाडी काढली, दवाखाना गाठला, खर्चाची जबाबदारी माझी म्हणून सही केली. ऑपरेशन झालं. मंदा वाचली. आणि मी कंपनीवर तुटून पडलो.

काय लढलो म्हणून सांगू! जालन्याच्या ऑफिसात इतका ओरडलो की बाहेरचा चहावाला आत डोकावला. वरच्या ऑफिसला पत्रांवर पत्रं. कंपनी म्हणाली, अर्धे घ्या आणि मिटवा. जन्मभर घासाघीस करणारा मी — त्या दिवशी म्हणालो, घासाघीस नाही, पूर्ण म्हणजे पूर्ण. प्रकरण विमा लोकपालांपुढे नेलं. आमचा मुद्दा एकच: गट विमा बंद होताना आधीची वर्षं पुढं नेता येतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

सुनावणी कॉम्प्युटरवर होती. माझ्या केबिनमध्ये मी आणि शेजारी लक्ष्मण. पडद्यावर कंपनीचा अधिकारी म्हणाला, आमच्या कर्मचाऱ्यानं प्रत्यक्ष जाऊन माहिती दिली होती. मग अश्विनी दिसली. तिनं सांगितलं — जसं घडलं तसं, एक शब्द इकडे-तिकडे नाही.

मला विचारलं, हे खरं आहे का?

तुम्ही काय केलं असतं ते मी विचारत नाही. मी काय केलं ते सांगतो. शेजारी लक्ष्मण बसला होता आणि ‘हो’ म्हटलं असतं तर त्यानं माझ्याकडे मान वळवली असती. त्या वळणाऱ्या मानेला मी घाबरलो. पैशाला नाही, कंपनीला नाही. मी म्हणालो, “आल्त्या, पण दारातच उभ्या राहिल्या. सह्या घेतल्या अन् गेल्या. आत बसल्या न्हाईत. जुन्या आजाराचा शब्दसुद्धा काढला न्हाई.”

अश्विनी म्हणाली, “शेठ...” आणि थांबली. तिच्याकडे साक्षीदार नव्हता. माझ्याकडे माझा आवाज होता.

निकाल आमच्या बाजूनं लागला. पूर्ण खर्च.

त्या दिवशी वर्कशॉपच्या फाटकात फटाके वाजले. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, मी बोजड माणूस, दोघांच्या पाठी भरल्या. मंदानं घरून पुरणपोळ्या पाठवल्या. आमच्या उद्योजकांच्या मंडळानं शाल-नारळ दिला आणि मी भाषण ठोकलं — ग्राहकानं घाबरायचं नाही, मालकानं मागं हटायचं नाही. टाळ्या थांबत नव्हत्या. पुढं मी तीन कंपन्यांना एकाच दिवशी वेगवेगळ्या वेळी बोलावून एकमेकींशी भिडवलं आणि गट विमा पुन्हा सुरू केला — जुना आजार पहिल्या दिवसापासून, आई-वडिलांसकट. कर भरतो, शिव्या देत भरतो. शेजारच्या चार कारखान्यांनाही तसाच करून दिला. या सगळ्याचा मला अभिमान आहे. खोट्यावर उभा आहे, तरी आहे. हे कबूल केलं नाही तर कबुली अर्धीच राहील.

अश्विनीला कंपनीनं काढलं हे मला महिन्याभरात कळलं होतं. त्या रात्रीही मी पोटभर जेवलो.

मग डॉक्टरनं माझ्या रक्तात साखर सांगितली. औषधाच्या दुकानात गेलो तर काउंटरपलीकडे तीच. चिठ्ठी वाचली, गोळ्या काढल्या, आणि हसून म्हणाली, “काय शेठ, तुमचा पण आता बिनसाखरेचा का?”

मी पाकीट काढलं. तिनंच पुढं विचारलं,

“लक्ष्मणभाऊंच्या घरचं बरं आहे ना?”

“बरं आहे.”

“मंग झालं.”

तिनं गोळ्या पिशवीत घातल्या. सांगितली ती किंमत दिली. बाहेर येऊन गाडीत बसलो, किल्ली फिरवायचं सुचेना.

त्यानंतर बरेच दिवस मी स्वतःला समजावत होतो — पॉलिसी लक्ष्मणच्या नावावर, खरं बोललो तर कंपनी दिलेला खर्च त्याच्याकडून परत मागेल. किती सोयीचं! त्याच्याच बायकोच्या झडपेमागं मी लपलो होतो. कंपनीला परत हवं असेल तर दवाखान्याच्या कागदावर सही माझी आहे, माझ्याकडून घ्या. लक्ष्मणनं हे वाचायच्या आधी मी त्याला तोंडानं सांगणार आहे. त्यानं मान वळवावी. बघावं माझ्याकडे.

तर घडलं ते असं. ती आत आली होती. बसली होती. सगळं सांगून गेली होती. मी ऐकलं, मला पटलं, मी पैसे वाचवले आणि नंतर तिलाच खोटं पाडलं. मला माफी नको, कुणी समजूनही घेऊ नका.

पण कंपनीवाल्यांनो, तुम्हाला मी सोडणार नाही. माझ्यासारख्या माणसाच्या एका वाक्यावर तुम्ही स्वतःच्या माणसाला घरी बसवलं. माझ्या वर्कशॉपवर कुणी चौकशीला आलं का? फाटकावरच्या वॉचमनला विचारलं? चहा आणणाऱ्याला विचारलं, कप किती गेले होते? तुम्हाला खरं नको होतं, तुम्हाला एक नाव हवं होतं. मी माझं उत्तर दिलं. आता तुमचं द्या — तिला कुणी काढलं, आणि परत कोण घेणार?

सोमवारी ऑफिस उघडलं की मी येतोय. दारात उभा राहणार नाही. आत येऊन बसणार आहे.