उद्यापन नसलेले उपवास

त्या वर्षांत मी इतके उपवास धरले होते की आईला तिथी कॅलेंडरआधी माझ्याकडून कळायची. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी. उरलेल्या दिवशी पोट बरं नसायचं. साबुदाण्यालाही हात लावत नसे. बघायला आलेल्या एक बाई मला ‘अंगानं जरा जास्तच’ म्हणाल्या, तेव्हापासूनचं हे. पण ते मी देवालासुद्धा सांगितलं नव्हतं. नवीन जालन्यातल्या आमच्या शेजारणी माझ्या भक्तीचं कौतुक करत, आणि मला ते गोड लागायचं. केस गळत होते, मी कामाला होते त्या बँकेचा जिना चढताना धाप लागायची. डॉक्टरांनी हृदयाला धोका आहे असं स्पष्ट बजावलं. आई रडली की मी देवाला पुढे करायची. त्यापुढे ती बिचारी काय बोलणार?

अंगारकीला आम्ही दोघी राजूरला गेलो. गणपतीच्या दर्शनाच्या रांगेत माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा डोकं एका अनोळखी बाईच्या मांडीवर होतं आणि आई पदरानं वारा घालत होती. बाई जवळच्याच धावडा गावच्या होत्या. आईकडून माझ्या उपवासांचं कळल्यावर त्यांनी मला विचारलं, “किती दिसाचा नेम हाय? उद्यापन कवा?”

“उद्यापन नाही,” मी म्हणाले. सोळा सोमवारांनासुद्धा शेवट असतो. माझ्या उपवासांना तो मी ठेवलाच नव्हता.

“उद्यापन न्हाई, मंग ते देवाचं न्हाई, बाई,” त्या म्हणाल्या. “माही ननंद असंच करून राह्यली होती. आम्ही तिच्या पाया पडत गेलो. जेवू घालायचं सोडून. गेली ती.”

गोळ्या चालू असल्यानं त्यांचा स्वतःचा उपवास नव्हता. त्यांनी फडक्यातली भाकरी काढून घास माझ्यापुढे धरला. चंद्र उगवायचाय, मी पुटपुटले.

“चंद्राचं मी पाहून घेते. तू खाय.”

मी खाल्लं. तो एकच घास मी कितीतरी वेळ चावत राहिले. त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांचं नावही विचारायचं राहून गेलं.

एका घासानं कुणी बरं होत नाही. पुढे औरंगाबादला मनाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या, आईशी खोटं बोलणं झालं, पुन्हा घसरणं झालं. चार वर्षं गेली. फार थकवणारं काम होतं ते. त्या बाईंना कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. मला त्या वेळेवर भेटल्या, एवढं पुरतं.

देवाला मी फुलं वाहिली, नवस वाहिले. जेवायचं की नाही, हे मात्र माझ्याच मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं. आजही एखाद्या दिवशी ताटावर हात अडतो. तेव्हा मी डोळे मिटून म्हणते, ‘बाप्पा, आज माझं काही ऐकू नकोस.’ आणि जेवते.