खाडीवरची चौकी आणि प्रभाताई

प्रभाताईंच्या भावाने, हरेश्वरदादांनी, मला आजवर कधी फोन केला नव्हता. माझा नंबर त्यांच्याकडे आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. त्यामुळे सालवडच्या आमच्या घरी मी सकाळी भाजी फोडणीला टाकत असताना पलीकडून त्यांचा आवाज आला, तेव्हा मला आधी तो ओळखताच आला नाही. "बाई, आमची प्रभा गेली," ते म्हणाले. मागे बायकांचं रडणं आणि वाऱ्याचा आवाज. "काल इथंच रावली. सकाली चा घेतला, बोलली जरा पडते. उठलीच नाय. तुमाला कलवायला पायजे, म्हणून केला फोन." मी गॅस बंद केला आणि तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. आदल्याच रविवारी बोईसरच्या बाजारात प्रभाताई भेटल्या होत्या. खांद्याला शबनम, हातात मुळ्याची जुडी, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून माझ्याशी गप्पा. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि त्या त्याला शांतपणे सांगत होत्या, "अरे बाबा, जातो आम्ही. बोलणं तर संपू दे!" ते बोलणं काय होतं, ते आता मला काही केल्या आठवत नाही.

प्रभा तामोरे आमच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, मी मराठी. त्या मूळच्या मुरब्याच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायच्या आणि दुसऱ्या विषयावर जायच्या. मी साताऱ्याकडची. नवऱ्याला तारापूरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि पहिली दोन-तीन वर्षं नुसती कुढत काढली. एकदा स्टाफरूममध्ये मी म्हणाले, की या भागात बघण्यासारखं आहे काय? कारखाने, धुराच्या चिमण्या, टँकर आणि भाड्याच्या खोल्या. प्रभाताई कोपऱ्यात वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांनी रागावून वर पाहिलं असतं तर मी समजू शकले असते. त्यांनी फक्त विचारलं, "रविवारी मोकळी आहेस का गं?"

त्या रविवारी त्यांनी मला मुरब्याला नेलं. भावाच्या घरी आधी पोटभर जेवायला घातलं आणि ऊन जरा कललं तेव्हा खाडीच्या काठाने चालत गावाच्या टोकाला घेऊन गेल्या. तिथे चौकी होती. दगड आणि चुन्याच्या जाड भिंती, आत दोन खोल्या, पुढे खाडीकडे तोंड करून लांब ओसरी, वर नळीची कौलं. पूर्वी डोंगरातलं लाकूड आणि भात घेऊन गलबतं या खाडीतून बाहेर पडायची, तेव्हा ती इथे थांबून जकात भरायची, असं गावातली म्हातारी माणसं सांगत. मी गेले त्या वेळी एका खोलीत जुनी जाळी पडली होती, दुसऱ्या खोलीचं दार निखळलं होतं आणि मागच्या भिंतीत पिंपळ रुजला होता. ओसरीवर मात्र बायकांची गर्दी होती. बाहेर बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते आणि सुकलेला माल घेऊन बायका ओसरीच्या सावलीत निवडायला बसल्या होत्या. प्रभाताई पदर खोचून त्यांच्यात जाऊन बसल्या. शाळेत शुद्ध बोलणाऱ्या प्रभाताई तिथे "आमी", "तुमी" करत खिदळताना पाहिल्या आणि मला वाटलं, आपण या बाईला आज पहिल्यांदाच भेटतोय.

पुढे एकदा एका वार्ताहराने त्यांना विचारलं होतं, की चौकी पोर्तुगीजांच्या काळातली का? त्याला होकार हवा होता, हे दिसतच होतं. प्रभाताई म्हणाल्या, "मला माहीत नाही. भिंत जुनी आहे हे दिसतंय. कुणी बांधली ते लिहिलेलं कुठे सापडलं, तर मी स्वतः तुम्हाला फोन करीन." तो बिचारा हिरमुसला. बातमी काही आली नाही.

गावाने चौकी पाडायचं ठरवलं ते त्यानंतर काही वर्षांनी. गावाला लग्नकार्यासाठी हॉल हवा होता. मुरब्यात मोकळी जागा अशी नाहीच, घराला घर लागलेलं. पावसाळ्याच्या तोंडावर लग्न निघालं की मांडव कुठे घालायचा हाच प्रश्न. चौकीची जागा गावाची, ऐसपैस, आणि इमारत तर पडायलाच आलेली. हॉलसाठी पुढाकार घेतला होता तो प्रभाताईंच्याच थोरल्या भावाने, हरेश्वरदादांनी. गावात त्यांच्या शब्दाला वजन. उंचेपुरे, आवाज भरदार, आयुष्य बोटीवर गेलेलं. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नात पाऊस आला होता आणि वऱ्हाडाची माणसं चिखलात जेवली होती, हे दादा विसरले नव्हते.

ग्रामसभेला प्रभाताई मला सोबत घेऊन गेल्या. "तू नुसती शेजारी बस," म्हणाल्या. मला वाटलं होतं, त्या इतिहासावर बोलतील, वारसा जपण्यावर बोलतील. स्टाफरूममध्ये तसं त्या सुंदर बोलायच्या. पण त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हॉल पायजेच. त्यात माझं दुमत नाय. दादा सांगतो ते खरं हाय."

सभेत कुजबुज झाली. हरेश्वरदादांनी संशयाने बहिणीकडे पाहिलं.

"मग आडवी कशाला येते?" ते म्हणाले.

"आडवी नाय येत. जागा देते. रस्त्याकडचा माझा तुकडा गावाला देते. तिथं हॉल बांधा. चौकी रावू द्या."

तो तुकडा वडिलांनी त्यांच्या नावावर करून दिला होता. निवृत्तीनंतर तिथे लहानसं घर बांधायचं, हे त्या मला नेहमी सांगत. पुढे ओटा, मागे दोन शेवग्याची झाडं, आणि पश्चिमेला एवढी मोठी खिडकी… खिडकीचं माप दाखवताना त्या दोन्ही हात पसरायच्या. मागच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "अगो प्रभा, मग तू रावशील कुठं?" त्यावर प्रभाताई हसल्या. "बोईसरला भाड्यानं रावते ना. तिथंच रावीन." हरेश्वरदादा ताडकन उठले. "डोकं फिरलंय हिचं," एवढंच म्हणाले आणि चालते झाले. सभेने जागा स्वीकारली. भावाने मात्र बहिणीशी बोलणं टाकलं. सणाला त्या मुरब्याला गेल्या की वहिनी ताट वाढायची आणि दादा बाहेर जाऊन बसायचे. प्रभाताई जेवून, ताट घासून, वहिनीला सांगून परत यायच्या. जायचं त्यांनी थांबवलं नाही.

त्या सभेहून परतताना रिक्षात मी त्यांना म्हणाले, की ताई, हे जरा जास्तच झालं. दगडांच्या चार भिंतींसाठी कुणी आपलं घर देतं का? त्या बाहेर बघत होत्या. "दादा खोटं बोलत नव्हता गं," त्या म्हणाल्या. "भाचीच्या लग्नात मी पण होते चिखलात. मला भिंत हवी म्हणून गावातल्या पोरींनी चिखलात उभं राहायचं, हे सांगायला माझी जीभ रेटली नसती. मग दुसरं काय देणार होते मी?"

चौकी वाचली, पण उभी करणं सोपं नव्हतं. सरकारदरबारी तिची कुठे नोंद नव्हती, त्यामुळे मदतही नव्हती. सुट्ट्यांमध्ये प्रभाताई, मी, ओसरीवरच्या बायका आणि प्रभाताईंचे जुने विद्यार्थी असं आमचं काम चालायचं. सिमेंट लावायचं नाही, ते खाऱ्या दगडाला धरत नाही आणि आतली ओल कोंडून ठेवतं, एवढं प्रभाताई वाचून आल्या होत्या. चुना भिजवला, वाळू आणि विटांचा चुरा घातला, मळून भिंतीला लावला. आठवड्याने गेलो तर निम्मा गिलावा पोपडे धरून खाली! मला रडूच आलं. प्रभाताई खाली बसून तो चुरा बोटांत घेऊन चोळत राहिल्या आणि म्हणाल्या, "घाई केली आपण. अजून मुरायला हवा होता." दुसऱ्यांदाही फसलं. तिसऱ्यांदा धरलं, तेव्हा ओसरीवरच्या बायकांनी मांदेली तळून आणली होती आणि चुन्याने भरलेल्या हातांनी आम्हाला खाता येईना म्हणून त्याच आम्हाला भरवत होत्या.

आणि मग मे महिन्यात मोठं वादळ आलं. रात्रभर वारा. सकाळी रस्ते मोकळे झाल्यावर आम्ही मुरब्याला पोचलो तेव्हा चौकीचं छप्पर जागेवर नव्हतं. आढं मोडून आत कोसळलं होतं, कौलांचा ओसरीभर खच पडला होता, आणि इतक्या कष्टाने केलेला गिलावा पावसाने धुऊन खाली ओघळत होता. प्रभाताई पायरीवर बसल्या. मी त्यांना कधी हरलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. "शैला," त्या म्हणाल्या, "आता मी कुणालाच काही सांगणार नाही. पाडू दे."

तेवढ्यात खाडीच्या बाजूने दहा-बारा माणसं येताना दिसली. पुढे हरेश्वरदादा. त्यांच्या स्वतःच्या बोटीचंही नुकसान झालं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. ते बहिणीसमोर येऊन उभे राहिले, वर पाहिलं, भिंतींकडे पाहिलं.

"भिंती उभ्या हायेत," ते म्हणाले.

प्रभाताई खाली पडलेल्या कौलांकडे बघत राहिल्या.

"मी बोलतोय प्रभा. भिंती उभ्या हायेत. रडतेस काय? उठ. परत पाऊस यायच्या आधी ताडपत्री टाकायला पायजे."

इतक्या दिवसांत ते बहिणीशी पहिल्यांदा बोलत होते. बोटीचे दोर आणले होते, ताडपत्र्या आणल्या होत्या. माणसं भिंतींवर चढली. बायकांनी रांग करून शाबूत कौलं हातोहात बाहेर काढली आणि कडेला रचून ठेवली. प्रभाताई उठल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. पावसाळा संपल्यावर नवीन आढं चढलं. त्यासाठीचं लाकूड दादांनी आपल्या मोडीत काढलेल्या बोटीचं दिलं. दोघं बहीण-भाऊ याबद्दल एकमेकांशी काय बोलले असतील, मला माहीत नाही. बहुतेक काहीच नसतील.

चौकी उभी राहिली तशी राज्यभरातून कुठून कुठून माणसं प्रभाताईंना शोधत यायला लागली. मराठवाड्यात कुणाची बारव बुजत चालली होती, कोकणात कुणाची जुनी शाळा पाडत होते, विदर्भात कुठे तळ्याचा घाट ढासळला होता. निवृत्त झाल्यावर प्रभाताई एसटीने सगळीकडे गेल्या. गेल्या की पहिलं विचारायच्या, "ही जागा आज कोण वापरतं?" कुणीच नाही, असं उत्तर आलं तर त्यांचा चेहरा पडायचा. सगळं वाचलं असंही नाही. सरावलीकडे एक सुरेख दगडी विहीर होती. रस्ता रुंद करताना ती बुजवली. प्रभाताई दोन वर्षं खेटे घालत होत्या, काही उपयोग झाला नाही. पुढे त्या रस्त्याने जाताना विहिरीच्या जागेवरून रिक्षा गेली की बोलता बोलता थांबायच्या…

जव्हारच्या बाजूला एका पाड्यावर आम्ही गेलो होतो, ते मला फार आठवतं. तिथे एका कुटुंबाचं कारवीच्या कुडाचं, सारवलेलं, भिंतीवर पांढरी चित्रं काढलेलं घर होतं. शहरातून आलेले काही हौशी लोक त्यांच्या मागे लागले होते, की हे पाडू नका, पक्कं घर बांधू नका. घरातली बाई गोंधळून गेली होती. तिने प्रभाताईंना विचारलं, "तुमी सांगा. आमी बांधू का नको?" प्रभाताईंनी त्या हौशी मंडळींकडे पाहिलं. "तुमच्यापैकी कोण या पावसाळ्यात इथे येऊन राहणार आहे?" आणि त्या घरातल्या बाईकडे वळल्या. "मग बांध गं बाई, खुशाल बांध," त्या म्हणाल्या. पक्क्या घरापुढच्या पडवीला जुने लाकडी खांब लावता येतील, एवढंच त्यांनी सुचवलं. बाईने ते लावले. पुढच्या वेळी गेलो तर पडवीच्या भिंतीवर तिने नवीन चित्रं काढली होती.

प्रभाताई गेल्या त्याला आता काही आठवडे झाले. गेल्या रविवारी मी मुरब्याला गेले, एकटीच. दिवसकार्य आटोपलं होतं, वहिनींना भेटायचं होतं. घरी कळलं की दादा चौकीवर आहेत. मी तिथे पोचले तर ओसरीसमोर एक जीप उभी. सोलापूरकडच्या कुठल्याशा गावची पाच-सहा माणसं आली होती. गावातली जुनी धर्मशाळा दुरुस्त करायचा त्यांचा विचार होता आणि त्यासाठी प्रभाताईंनी त्यांना महिन्यापूर्वी या दिवशी बोलावून ठेवलं होतं. त्यांना काही कळवलं नव्हतं कुणी. आतल्या खोलीतून हरेश्वरदादांचा आवाज येत होता. मी दारातच थांबले. ते भिंतीवर तळवा ठेवून उभे होते आणि ती माणसं लक्ष देऊन ऐकत होती, त्यातला एक जण मोबाईलवर टिपून घेत होता.

"घाई करायची नाय," दादा सांगत होते. "चुना चांगला मुरू द्यायचा. आमचा दोनदा पडला. आमची प्रभा सांगते, भिंतीला श्वास घेता आला पायजे. सिमेंट लावलात का कोंडते ती."

"ताई कधी येतील?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं. "त्यांचीच भेट घ्यायची होती."

दादांचा हात भिंतीवर तसाच होता. त्यांनी मला दारात पाहिलं. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं, मलाही वाटलं होतं… मग ते त्या माणसाकडे वळले.

"मी हाय ना," ते म्हणाले. "विचारा तुमी. आणि धर्मशालेत आता कोण रावतं, ते सांगा आधी."