राणीच्या पोटाखालची शेळी

पासष्टच्या लढाईआधीच्या उन्हाळ्यात माझं पोस्टिंग औरंगाबादच्या छावणीत, मिलिटरी हॉस्पिटलात होतं. मी नर्सिंग लेफ्टनंट होते. सकाळी राउंड, इंजेक्शनं, ड्रेसिंग. दुपारी बाळंतिणींचा वॉर्ड. नातवंडांनो, त्या वॉर्डात एक तान्ही मुलगी होती. तिची आई बाळंतपणात गेली होती. वडील हॉस्पिटलच्या गार्डचे हवालदार. डब्याचं दूध तिच्या पोटात ठरेना. शेवटी हवालदारांनी पिशोरहून शेळी आणली. ते दूध मी पाणी घालून, उकळून देऊ लागले आणि मुलगी वजन धरू लागली.

हॉस्पिटलमागं खेचरांच्या लाइन्स, म्हणजे पलटणीचे तबेले होते, पुढं नाला, मग माळ. लाइन्समधला शिपाई धोंडिबा पाचोडचा, धनगराच्या घरातला. त्याच्याकडं राणी नावाचं खेचर होतं. राणी चावायची, लाथा झाडायची, शेजारी दुसरं जनावर बांधू द्यायची नाही.

एका संध्याकाळी शेळीचं करडू गेलं. मातीत लांडग्याचे पाय उमटले होते. गार्डला ऑर्डर मिळाली: दिसला की गोळी.

सकाळी धोंडिबा वॉर्डच्या दाराशी आला.

"सिस्टर, ती मादी हाय. नाल्यात पिल्लं हायेत. ती बी बाळंतीणच."

"ही शेळी गेली तर मी या लेकराला काय पाजू?"

"व्हय जी. म्हणून तर म्हणतो, तिचा वाटा बाहेर टाकू. आमच्यात रात्रीला मेंढरं रानात बसवली की लांडग्याचा वाटा काढत्यात. मग तो कळपात शिरत नाय. एक सांज द्या."

मी पाळण्याशी उभ्या हवालदारांकडं पाहिलं. मूल त्यांचं होतं.

"एक सांज," ते म्हणाले. "पण रायफल भरलेली राहील."

धोंडिबानं कुकहाउसमधली हाडं नाल्याकाठी टाकली. आधी कावळे उतरले. मग छावणीची कुत्री आली आणि त्यांच्यात जुंपली. त्या कालव्यानं बुजून शेळीनं दावं तोडलं. लांडगीण वर आली तेव्हा हाडं संपली होती आणि शेळी मोकळी पळत होती.

"टार्गेट दिसतंय," संत्री म्हणाला.

"थांब. शेळी मधे आहे," हवालदार म्हणाले.

शेळी थेट राणीच्या पोटाखाली शिरली. राणीची एक लाथ बसली असती तर सगळं संपलं असतं. मी व्हरांड्याचा खांब धरून उभी होते. राणीनं मान वळवून शेळीला हुंगलं. मग कान पाडले, लांडगिणीकडं पाठ केली आणि मागचे दोन्ही पाय हवेत झाडले. लांडगीण थबकली. थोडा वेळ बघत राहिली आणि नाल्यात उतरली.

"फायर, साब?"

हवालदारांनी हातानंच रायफलची नळी खाली केली. मग धोंडिबाला म्हणाले, "तुमचा वाटा कुत्र्यांनी खाल्ला की रं."

"आमच्या माळावर छावणी नव्हती, साब."

तेव्हापासून शेळी राणीजवळ बांधू लागलो. लांडगीण कधी लांबून बघायची, पण लाइन्सजवळ आली नाही. पुढं पिल्लं चालती झाली आणि नाला रिकामा झाला. गोळी झाडावी लागली नाही.

ऑगस्टअखेर खेचरांना आघाडीवर जायचा हुकूम आला. स्टेशनवर धोंडिबानं मुलीच्या तोंडात बोट घातलं. तिला नुकते दोन दात आले होते. "चावती की," तो म्हणाला आणि डब्यात चढला.

लढाईत डोंगरवाटेनं दारूगोळा नेताना तोफगोळा पडला. धोंडिबा आणि राणी एकाच ठिकाणी गेले. बातमीचा सिग्नल आला तेव्हा हवालदार ड्यूटीवर होते. त्यांनी ड्यूटी पूर्ण केली.

मुलगी भात खाऊ लागली, तेव्हा ते शेळी धोंडिबाच्या घरी द्यायला पाचोडला निघाले. मुलगी माझ्या कडेवर होती. धोंडिबाची आई माळावर मेंढरांपाशी भेटली. शेळीकडं तिनं पाहिलंही नाही. मुलीला माझ्याकडून घेतलं, तिच्या ओठांवरून अंगठा फिरवला.

"हीच का? रजेवर आला व्हता तवा हिचंच सांगायचा."

हवालदारांनी शेळीचं दावं पुढं केलं.

"लेकरू सकाळधरनं उपाशी असंल," ती म्हणाली. मुलीला माझ्या हाती दिलं, तांब्या घेतला आणि शेळीपाशी जाऊन बसली.