काल्हेरची सुरय

कापड विणणारे चाळीस लूम खडखडत असताना कुणी तुमच्या कानाशी येऊन कुजबुजलं, तर समजावं की आमचे मुकादम चाचा आले. ओठांवर बोट ठेवून ते आधी "आवाज नको" म्हणायचे, मग काम सांगायचे. कुणाला काही ऐकू जायचं नाही. तुटलेला धागा जोडायला सांगितला की चहा यायचा.

ही खोड आखातातली. तिथं वाळवंटाला लागून उथळ समुद्र आणि त्यात लहान लहान बेटं. विणीच्या दिवसांत त्यांवर कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही, एवढीच चाचांची नोकरी. नऊ वर्षं हा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून पाखरांची बाळंतपणं राखत होता. जोरात बोललं की पाखरं उडतात आणि उघडी पडलेली अंडी उन्हात करपतात, म्हणे. चाचा नारपोलीला परत येऊन आमच्या लूमखात्यात मुकादम झाले, आवाज तिकडेच राहिला.

एका उन्हाळ्यात, शुक्रवारी लूम बंद असताना, ते जवळच्या काल्हेरच्या खाडीवर गेले. भरतीतही न बुडणाऱ्या रेतीच्या उंचवट्यावर त्यांना तीच पाखरं दिसली. काळी टोपी, पिवळी चोच.

"मराठीत काय बोलतात हिला?" त्यांनी मला विचारलं. मी लूमखात्यात कारकून. वाचनालयातलं पुस्तक चाळून मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "सुरय."

झालं! चाचा प्रत्येक लूमपाशी थांबून कुजबुजू लागले, "सुरय भेटली. काल्हेरला. उन्हात बसलीय बिचारी. शुक्रवारी जातो परत."

त्या खडखडाटात सगळ्यांनी ऐकलं, सुरैया. दुपारपर्यंत ही सुरैया विधवा झाली आणि शिफ्ट सुटेपर्यंत तिला चाचांपासून दोन मुलंही झाली.

तिसऱ्या दिवशी चाची लूमखात्यात हजर. त्यांचा आवाज चाळीस लूमना पुरून उरणारा.

"कोण हाय ही सुरैया?"

मी घाबरून म्हणालो, "चाची, पाखरू आहे हो ते!"

हा शब्द आपल्याकडे कुणाकुणाला लावतात, हे तुम्हाला सांगायला नको.

"पाखरू? या वयात?"

पुढच्या शुक्रवारी चाची, त्यांचे दोन भाऊ आणि साक्षीदार म्हणून मी, अशी वरात काल्हेरला निघाली. पाहतो तर उंचवट्याला रेतीवाल्यांची होडी लागलेली. चाचा हात पसरून आडवे उभे आणि इंजिनाच्या धडधडीत कुजबुजताहेत, "अंडी हायत... वीस दिवस थांबा..." फावडेवाले हसत होते.

चाची चिखल तुडवत पुढे गेल्या. "कुठाय ती?"

चाचांनी पायाशी बोट दाखवलं. रेतीच्या खळग्यात दोन ठिपकेदार अंडी आणि त्यांच्यावर पंख अर्धे उघडून, सावली धरून उभी असलेली मूठभर सुरय. चाची बराच वेळ बघत राहिल्या. मग रेतीवाल्यांकडे वळल्या. त्या जे बोलल्या त्यातलं छापण्याजोगं एवढंच:

"माझी सवत हाय ती! हात तर लावून बघा!"

होडी गेली. पिल्लं त्या वर्षी उडाली, आणि मला झालेला आनंद मी आजही विसरलेलो नाही.

पुढच्या वर्षी रेतीवाले शुक्रवारी आलेच नाहीत. लूम चालू असताना, मंगळवारी आले. शुक्रवारी चाचा खाडीवर पोचले तेव्हा उंचवटा उपसून नेलेला, तिथं नुसतं पाणी होतं आणि पाखरं वर घिरट्या घालत होती.

मग त्यांनी त्याच रेतीवाल्यांकडून रेती आणून स्वतःच्या गच्चीवर पसरली. गल्ली हसली, मीही हसलो. चाचा टाकीच्या सावलीत बसून आभाळाकडे बघत. एकही पाखरू उतरलं नाही.

चाचा वारले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी चाचींना भेटायला गेलो. त्या गच्चीवर होत्या, तापलेल्या रेतीवर तांब्याने पाणी शिंपडत.

"चाची, आता कशाला?"

"ती आली न् तिला जागा न्हाय दिसली," चाची म्हणाल्या, "तर वर गेल्यावर ह्यांना काय तोंड दाखवू?"