टाळूवरचा अंगठा

अंगात येणे, दृष्ट लागणे, उतारे... या साऱ्यांकडे मी कायम नाक मुरडूनच पाहिले, आजही पाहते. त्यामुळे पुढचे लिहिताना मला माझीच थोडी किळस येते आहे.

सत्तरच्या दशकाची पहिली वर्षे. पुण्याला विद्यापीठात मी भाषाशास्त्र आणि जपानी शिकत होते, आणि उन्हाळी सुटीत कर्जतजवळच्या आमच्या वस्तीवर आले होते. जपानीत शब्दाच्या शेवटी एक अनुनासिक येतो — पडजिभेपाशी उमटणारा, दूरच्या घंटेचा नाद विरावा तसा. तो मला साधत नव्हता. सुटी संपताच तोंडी परीक्षा होती, आणि वडिलांनी बजावले होते, "नापास झालीस तर पुणं बंद."

आईने परस्पर यसूमावशीला बोलावले. ही वस्तीवरच्या पोरांची पडजीभ उचलणारी बाई. अंगठ्याला मीठ आणि चुलीतली राख लावायची, आणि खोकणाऱ्या पोराच्या घशात घालून दाबायची. लहानपणी मीही तो अंगठा सोसला होता. मिसरीने काळवंडलेले नख, शेणाचा ओलसर वास, पेरावर विळ्याचा आडवा वण...

"शिकून शिकून जिभेला कुलूप लागलं व्हय गं?" ओसरीवर टेकत ती म्हणाली. "आ कर. दाबते जरा, मोकळं हुईल."

"नको मावशी. हात तरी धुतलास का?"

"धुतला की! सकाळी म्हस व्याली, तिची वार वढली, मंग धुतला राखंनं."

आई खळखळून हसली. मी आत जाऊन कडी लावली.

उच्चार तपासण्याची आमची एक रीत होती. तोंडातल्या टाळूला कोळशाची पूड आणि कोको यांचा लेप द्यायचा, एकदाच उच्चार करायचा, आणि जीभ टेकून लेप कुठे पुसला गेला ते छोट्या आरशात पाहायचे. मी लेप दिला. डोळे मिटून उच्चार केला.

तोंड एकदम खारट झाले. काहीतरी जाड, कोमट घशापर्यंत शिरले, दाबले आणि निघून गेले.

उमासा आवरत आरसा धरला. टाळूच्या मागच्या मऊ भागावर जिभेची खूण नव्हती. तिथे अंगठ्याचा ठसा होता — बारीक वळ्यांचा, आणि त्यांना छेदणारी एक आडवी रेघ.

कडी काढून मी धावले, अंगणात ओकले. ओसरीवर दोघी बियाण्याच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मावशी जागची हललीही नव्हती, असे आई शेवटपर्यंत शपथेवर सांगत राहिली. मावशी मात्र आपल्या अंगठ्याकडे निरखून पाहत होती. तो काळ्या-तपकिरी लेपाने माखला होता. लाळेची तार लोंबत होती. तिने तो हुंगला, मग चाटला.

"शी! कडू हाय," ती म्हणाली. "आसलं काय माखतीस गं तोंडात?"

परीक्षेत तो उच्चार पहिल्याच खेपेस अचूक आला. परीक्षकांनी कौतुकाने पुन्हा म्हणायला लावला. मी पास झाले, पुण्याला राहिले, आणि पुढे आयुष्यभर हीच भाषा शिकवली.

मनाचा खेळ, असे जाणकार म्हणतात. असेलही... पण माझ्या मनाचा लेप दुसरीच्या बोटाला कसा लागला? वर्गात तो उच्चार मी कधी स्वतः करून दाखवला नाही. त्यापुरती टेप लावत असे, आणि ती संपेपर्यंत तोंड घट्ट मिटून उभी राहत असे.